पदवीचे ऋण

शिरूरहून पुण्याकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत शिक्रापूर लागते. चाकणकडून येणारा रस्ता येथे नगर रस्त्याला मिळतो आणि मालमोटारींची गर्दी एकदम वाढते. शिक्रापूर मागे पडले की कारखान्यांच्या कुंपणांमधून सणसवाडी येते, मग कोरेगाव भीमा आणि नदीवरचा पूल ओलांडला की पेरणे गावाच्या हद्दीत काळ्या दगडाचा एक उंच स्तंभ दिसतो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे आठशे सैनिकांची तुकडी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली पुण्याच्या रोखाने निघाली होती. दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली आणि दिवसभर लढाई झाली. त्या लढाईच्या निर्णायकतेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. स्तंभावर कोरलेल्या नावांविषयी मात्र मतभेद होण्याचे कारण नाही. मृत्युमुखी पडलेल्या ४९ जणांपैकी २२ जणांच्या नावाच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. ते महार शिपाई होते.

या स्तंभापाशी १ जानेवारी १९२७ रोजी पस्तीस वर्षांचा एक बॅरिस्टर आला. पुण्यातील ज्येष्ठ कार्यकर्ते शिवराम जानबा कांबळे यांनी त्या दिवशी तेथे मेळावा भरविला होता. बॅरिस्टरांच्या नावापुढे तोपर्यंत मुंबई विद्यापीठाची बी.ए., न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि लंडन विद्यापीठाच्या एम.एस्‌सी. व डी.एस्‌सी. या पदव्या लागलेल्या होत्या. कोलंबियाची पीएच.डी. अद्याप रीतसर हाती पडायची होती. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, ५ जून १९५२ रोजी, त्याच कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला सन्मानाने बोलावून 'डॉक्टर ऑफ लॉज' ही मानद पदवी बहाल केली. भारताच्या राज्यघटनेची घडण, समाजसुधारणेचे कार्य आणि मानवी हक्कांची राखण यांचा गौरव त्या वेळी विद्यापीठाने केला.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही पाठ असते. जयंतीच्या फलकांवर ती अलंकारासारखी झळकते. पण ती यादी नुसती वाचून भागत नाही. प्रत्येक पदवीमागे कोणाचे तरी देणे होते आणि ते आपल्या एकट्याच्या उत्कर्षाने फिटणारे नाही, ही जाणीव बाबासाहेबांनी आयुष्यभर बाळगली. कोरेगावच्या स्तंभापासून न्यूयॉर्कच्या पदवीदान मंडपापर्यंतचा प्रवास त्या हिशेबानेच पाहिला पाहिजे.

कोरेगावशी त्यांचे नाते घराण्यातूनच आलेले होते. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, पण भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत झाला. घरातले ते चौदावे अपत्य. ज्या सैन्याने महार कुटुंबांत अक्षर नेले, त्याच सैन्याची दारे पुढे दोनच वर्षांत महारांना बंद झाली. कोरेगावच्या दगडावर नावे कोरून घेणाऱ्या सरकारने त्यांच्या नातवंडांना भरतीस अपात्र ठरविले! शिवराम जानबा कांबळे यांनी याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले होते, रामजींच्या पिढीतील निवृत्त सैनिकांनीही दाद मागितली होती. १९२७ चा मेळावा या जुन्या गाऱ्हाण्याचाच पुढचा भाग होता. बाबासाहेबांनी तेथे भरतीबंदी उठविण्याची मागणी पुढे नेली. ती पूर्ण होण्यास आणखी चौदा वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली.

पेन्शनीत निघाल्यावर रामजींचे कुटुंब आधी दापोलीस आणि मग साताऱ्यास गेले. आई भीमाबाई लवकरच वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपाई पाणी ओतील तेव्हाच ते प्यायचे. शिपाई नसेल तर घसा कोरडा. वडील नोकरीनिमित्त परगावी असताना भावंडांसह त्यांना भेटायला निघालेला हा मुलगा मसूर स्थानकावर उतरला. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालावे. पुढे बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. त्यात रागापेक्षा लहान मुलाचे आश्चर्यच अधिक आहे.

मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजात ही घटना इतकी दुर्मिळ होती की सत्काराची सभा भरली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या सभेत भेट दिले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली होती, ही सल मात्र राहिली. वडिलांची मिळकत कॉलेजच्या खर्चाला पुरेना, तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. पदवीचे पहिले ऋण ते हेच. बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले न झाले तोच वडिलांच्या आजाराची वार्ता आली. २ फेब्रुवारीला रामजी गेले. मुलाला इंग्रजी शिकविण्यासाठी मुलींचे दागिने गहाण टाकणारा हा पिता त्याची पुढची एकही पदवी पाहू शकला नाही.

सयाजीरावांनी त्याच वर्षी त्यांना परदेशी पाठविण्याचे ठरविले. तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा, असा करार झाला. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. तेथील वसतिगृहात कोणी जात विचारली नाही, एका टेबलाशी बसून सर्व जण जेवत. नवल भाथेना हा पारशी सहाध्यायी त्यांना तेथेच भेटला आणि जन्माचा मित्र झाला.

कोलंबियातील त्या तीन वर्षांत त्यांनी अक्षरशः आधाशासारखे शिकून घेतले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. अर्थशास्त्रात एडविन सेलिग्मन, इतिहासात जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई असे गुरू लाभले. यांपैकी ड्यूई यांचा ठसा सर्वांत खोल. लोकशाही म्हणजे केवळ मतदान नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार पुढे बाबासाहेबांच्या लेखनात भारतीय रूप घेऊन वारंवार भेटतो. १९१५ साली प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधासह ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. पंचविशीच्या विद्यार्थ्याने लिहिलेला हा निबंध समाजशास्त्राचे अभ्यासक आजही वाचतात. जात टिकते ती जातीबाहेरील विवाहाच्या बंदीमुळे आणि या बंदीचा भार स्त्रीवर पडतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. फावल्या वेळात जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमविली होती.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराच्या माऱ्याने बुडाली आणि पुस्तकेही तळाला गेली. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. तेथे कचेरीतले शिपाई कागदपत्रे लांबून टाकीत. राहायला घर मिळेना म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. कोलंबियात शिकलेला, महाराजांच्या दरबारात नेमणूक झालेला हा अधिकारी मग गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्री मुंबईला निघाला. जातीपुढे पदवीची किंमत किती, हे त्या दिवशी त्यांना कळले. पदवी मिळाली की माणूस सुटला, या समजुतीवर त्यांनी त्यानंतर कधीच विश्वास ठेवला नाही.

नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थी गर्दी करीत, सहकारी मात्र पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून हरकत घेत. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी या तरुणाच्या नेतृत्वाची ग्वाही सर्वांसमक्ष दिली. अर्धवट राहिलेले लंडन मात्र त्यांना खुणावत होते. साठविलेला पगार, शाहू महाराजांचे साहाय्य आणि भाथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले.

लंडनचे ते दिवस अर्धपोटी गेले. सकाळी ग्रंथालय उघडताच आत शिरायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढीत होत्या. या दांपत्याची चार अपत्ये बालपणीच गेली, त्यांपैकी राजरत्न हा लाडका मुलगा जुलै १९२६ मध्ये दगावला. बाबासाहेबांच्या पदव्यांचा हिशेब मांडताना रमाबाईंच्या नावावरची ही रक्कम बहुतेक चरित्रकार घाईने ओलांडून जातात. ते न्याय्य नाही. १९२१ मध्ये एम.एस्‌सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्‌सी. मिळाली. भारतीय चलनविषयक शाही आयोगापुढे १९२५ साली त्यांची साक्ष झाली. रिझर्व्ह बँक त्यांच्या ग्रंथातूनच जन्मली, असे आज सरसकट म्हटले जाते. ती अतिशयोक्ती आहे. पण चलनाच्या प्रश्नावर सरकारी आयोगाने ज्यांचे ऐकून घेतले अशा मोजक्या भारतीय अर्थतज्ज्ञांत ते होते, यात शंका नाही आणि तेवढे पुरेसे आहे.

परत आल्यावर वकिली करून सुखाने राहणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते, ते जानेवारी १९२५ मध्ये सुरू झाले. स्वतःला गोणपाटावर बसावे लागले त्या माणसाने आधी दुसऱ्यांच्या मुलांसाठी छप्पर शोधले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आणि मग १९२७ साल उजाडले ते कोरेगावी. या एका वर्षाचे दिनमान नुसते पाहिले तरी थक्क व्हायला होते. फेब्रुवारीत मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून त्यांनी शपथ घेतली. १२ मार्च रोजी शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत ते बोलले. शिक्षण खाते नफ्या-तोट्याच्या हिशेबाने चालविण्याजोगे नाही आणि खालच्या थरांतील मुलांना परवडेल इतके उच्च शिक्षण स्वस्त झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे आठच दिवसांत, १९ आणि २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. ८ जून रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. रीतसर प्रदान केली. प्रबंध १९१७ सालीच मान्य झाला होता, पण छापील प्रती दाखल केल्याखेरीज पदवी न देण्याचा तेथील नियम होता. छपाईला पैसे कोठून आणायचे? ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ अखेर १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा सत्याग्रह आणि अर्थशास्त्राची डॉक्टरेट एकाच वर्षात एकाच माणसाच्या नावावर जमा झाली.

यापुढचा इतिहास सर्वज्ञात आहे आणि येथे तो विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. लंडनच्या गोलमेज परिषदा झाल्या, २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला, १९३५ मध्ये येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३५ च्या मे महिन्यात रमाबाई निवर्तल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. सत्तेच्या या पहिल्या मोठ्या स्थानावरून त्यांनी दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या मिळविल्या. काही मुले परदेशीही गेली. ज्या शिडीने आपण चढलो ती त्यांनी वर ओढून घेतली नाही. सयाजीरावांचे औदार्य एका राजाच्या मर्जीवर अवलंबून होते, ते आता सरकारच्या अंदाजपत्रकात आले.

जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले, तेही लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी भरत. बराकीत जन्मलेल्या मुलाने बराकीत कॉलेज काढावे, हा योगायोगच. दारे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना खुली होती आणि प्राध्यापकही सर्व समाजांतून घेतले होते. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाचा दुष्काळ होता. १९५० मध्ये औरंगाबादला दुसरे महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी १ सप्टेंबर १९५१ रोजी बसविली. त्या परिसराला बाबासाहेबांनी नागसेनवन हे नाव दिले आणि महाविद्यालयाला मिलिंदाचे. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू यांची ही जोडी त्यांना विद्यापीठाचे सर्वांत उत्तम प्रतीक वाटत असावी.

दरम्यान ऑगस्ट १९४७ मध्ये घटना मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने शरीर खिळखिळे झाले असतानाही २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत त्यांनी ते काम तडीस नेले. समितीतील इतर सदस्य अनेक कारणांनी दूर राहिले आणि मसुद्याचा मुख्य भार त्यांच्यावर पडला, हे घटना समितीतच मान्य केले गेले. पण हिंदू कोड बिल संसदेत रखडले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडले. आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, जानेवारी १९५२ मध्ये, उत्तर मुंबईच्या मतदारांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. नारायण काजरोळकर निवडून आले. घटनेच्या शिल्पकाराला त्याच घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीत घरचा रस्ता दाखविला गेला. राज्यसभेत जागा मिळाली, पण मनाला लागायचे ते लागलेच.

कोलंबियाचे निमंत्रण या पार्श्वभूमीवर आले होते. ते एकसष्ट वर्षांचे होते, चालताना आधार लागत होता, मंत्रिपद नव्हते, पक्ष खिळखिळा झाला होता. जूनच्या आरंभी ते विमानाने निघाले. एक ओढ त्यांना विशेष होती, ड्यूईंना भेटण्याची. गुरू ब्याण्णव वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कमध्येच राहत होते. पण शिष्य वाटेत असतानाच, १ जून १९५२ रोजी, ड्यूई गेले. पत्नी सविताबाईंना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी ही हुरहुर व्यक्त केली आणि आपल्या बौद्धिक आयुष्याचे सारे श्रेय या गुरूला दिले. चार दिवसांनी त्यांनी पदवीचा झगा अंगावर चढविला. कोण कोणाचा सत्कार करीत होते, असा प्रश्न त्या चित्राकडे पाहताना पडतो. विद्यापीठाने विद्यार्थ्याचा गौरव केला हे खरे. पण तेथे शिकलेला लोकशाहीचा धडा एका खंडप्राय देशाच्या कायद्यात लिहून आणणारा विद्यार्थी कोलंबियाला तरी रोज कोठे भेटत होता?

मायदेशातून पुढचा मान आला तो १२ जानेवारी १९५३ रोजी, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या डी.लिट.च्या रूपाने. महाराष्ट्राची गोष्ट अधिक कष्टाची आहे. ज्या औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय काढले तेथील मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यावरून घरे जळली, माणसे मारली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ ही तारीख उजाडावी लागली. भारतरत्नही १९९० सालीच, मृत्यूनंतर तेहतीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर मिळाले. कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. २००४ मध्ये त्या विद्यापीठाने आपल्या अडीचशेव्या वर्षानिमित्त काळाच्या पुढे असलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी प्रसिद्ध केली, त्यात त्यांचे नाव होते. ती क्रमवारी नव्हती. जगातील पहिल्या क्रमांकाचा विद्वान वगैरे जे संदेश त्यावरून फिरतात त्यांची बाबासाहेबांना गरज नाही; नेमकेपणाचा त्यांच्याइतका आग्रह दुसऱ्या कोणी धरला नसेल.

सन्मानांनी ते फारसे सुखावले नाहीत. त्यांची काळजी वेगळीच होती. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी ती उघड केली. शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, असे ते जाहीरपणे म्हणाले. शिकून ही मुले समाजाच्या कामाला येतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात कारकुनी पत्करून स्वतःचे पोट भरण्यात गढलेल्यांची गर्दी त्यांना दिसली. गावात जमीन नसलेल्या शेतमजुरांकडे कोण पाहणार, ही चिंता त्यांनी याच सभेत बोलून दाखविली. हे बोल कठोर होते आणि सर्वस्वी न्याय्य होते असेही म्हणता येणार नाही. पहिल्याच पिढीत नोकरीला लागलेल्या तरुणावर घरची दहा तोंडे अवलंबून असतात, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक होते? तरीही ते बोलले. स्वतः कर्ज काढून शिकलेल्या माणसाला ते कर्ज विसरलेला पदवीधर पाहवत नव्हता.

शिक्रापूर-कोरेगावच्या या पट्ट्यात दर १ जानेवारीला लाखो लोक येतात. २०१८ साली त्याच दिवशी येथे हिंसाचार उसळला, त्यात एका तरुणाचा प्राण गेला. एरवी त्या दिवशी स्तंभाच्या वाटेवर सर्वांत जास्त गर्दी दिसते ती पुस्तकांच्या दुकानांपाशी. जमिनीवर कापड अंथरून मांडलेली ही दुकाने पाहून न्यूयॉर्कमधल्या जुन्या पुस्तकांच्या त्या फेऱ्या आठवतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. शाळकरी वयात केळुसकर गुरुजींनी हाती ठेवलेल्या चरित्राची वाट येथवर आली होती. नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे काम ते शेवटपर्यंत करीत होते. ५ डिसेंबरच्या रात्रीही त्याच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागवून घेतले. ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत झोपेतच त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापला त्यांनीच स्थापन केलेल्या सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने.